म्यूटचं मराठी

सोमवारी सकाळी दहाचा कॉल. आपल्या सगळ्यांच्या नशिबात असा एक कॉल असतोच. अर्धी जनता अजून चहात बुडालेली, एकाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्याच्या मागे भांडी, आणि कोणीतरी दर पाच मिनिटांनी "माझा आवाज येतोय ना?" असं विचारतंय.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका कॉलवर होस्ट मी होते. समोर क्लायंटकडची दोन वजनदार माणसं. आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी त्या आठवड्यात गावी होती, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, आणि तिथूनच काम करत होती. घराला पत्रा, आणि पत्र्यावर जुलैचा पाऊस. तिनं माइक चालू केला आणि आमच्या कानांत अख्खी मालगाडी पुलावरून जायला लागली.

"मॅडम, स्लाइड सातवर..." एवढंच ऐकू आलं. मी तिला म्यूट केलं. तिनं पुन्हा माइक चालू केला, मी पुन्हा बटण दाबलं. वर हसून क्लायंटला म्हटलंसुद्धा, "सॉरी हं, आमच्याकडे मान्सूनही जॉइन झालाय!" सगळे हसले. कॉल एकदम झकास झाला.

स्लाइड सातवर आम्ही तीन महिन्यांचा खर्च एका महिन्याचा म्हणून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी क्लायंटनं तो पकडला. पुढच्या आठवड्यात माझं काय झालं ते इथे लिहीत नाही, आई हा कॉलम वाचते.

ती पोरगी मात्र "मी सांगत होते ना" असं काही म्हणाली नाही. तिनं एका ओळीचा मेसेज पाठवला. "मॅडम, मी तेच सांगत होते, पण आवाज दाबला गेला."

दाबला गेला. कोणी दाबला, ते वाक्यात नाही. मराठीत ही छान सोय आहे. फाइल राहून गेली, कप फुटला, आवाज दाबला गेला. करणारा सुखरूप बाहेर. मला मात्र ते 'दाबणं' दिवसभर टोचत राहिलं. कारण मी तर फक्त म्यूट केलं होतं. म्यूट कसं, स्वच्छ वाटतं, एक छोटंसं चिन्ह, त्यावर तिरकी रेघ. दाबणं म्हटलं की बोट दिसतं. माझं.

त्या रात्री मित्रमंडळींच्या ग्रुपवर प्रश्न टाकला, म्यूटला मराठीत काय म्हणायचं? 'मूक', 'निःशब्द', 'ध्वनिबंद' अशी सरकारी फलकावर शोभतील अशी उत्तरं आली. एकानं 'गप' लिहिलं आणि तो स्वतः गप झाला. पण बोलताना आपण खरंच वापरतो ते 'दाबणे'च. आणि हे क्रियापद काय चीज आहे राव!

आपण लिफ्टचं बटण दाबतो. दमून आलेल्या आजीचे पाय दाबतो. लग्नात दाबून जेवतो. पोलिस प्रकरण दाबतात, साहेब फाइल दाबून ठेवतात, आपण ईएमआयखाली दबतो. बॉसचा दबदबा असतो, वरून दबाव येतो, आणि कँटीनमध्ये दबक्या आवाजात त्याच बॉसची नक्कल होते. स्टेशनबाहेर उभ्या उभ्या खातो ती दाबेलीसुद्धा गुजरातीतली 'दाबलेली'च. त्याची थोरली बहीण म्हणजे 'दडपणे'. तिच्या घरात प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्रीचं दडपण आहे, दडपशाही आहे आणि आईच्या हातचे दडपे पोहेही आहेत.

सगळ्यात मजेची गोष्ट आवाजाची. आवाज दाबला की तो बंद होतो. पण बेल दाबली की आवाज येतो. हॉर्न दाबला की येतो, पेटीची पट्टी दाबली की येतो. मतदान यंत्राचं बटण दाबलं की लांबलचक बीप वाजते आणि आपलं म्हणणं नोंदवलं जातं. म्हणजे एकच क्रियापद तोंड उघडतंही आणि बंदही करतं.

मग यात वाईट दाबणं कोणतं? हसू दाबणं वाईट नाही. सिनेमागृहात खोकला दाबणं ही तर समाजसेवा. हुंदका दाबणं दुःखाचं असतं, पण तो आपला हुंदका, आपला निर्णय. गडबड सुरू होते ती दाबणारा एक आणि आवाज दुसऱ्याचा असतो तेव्हा. त्यासाठी आपल्याकडे 'मुस्कटदाबी' आहे आणि त्याहून नेमकी म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माराचं दुःख आहेच, पण ओरडायचीही सोय नाही हे त्यातलं खरं दुखणं. ज्यानं ही म्हण पहिल्यांदा वापरली त्यानं ते भोगलेलं असणार.

एवढं सगळं मी तिला फोनवर ऐकवलं आणि सॉरी म्हटलं. ती खळखळून हसली. "मॅडम, एकदा घरी याच तुम्ही. आमचा पाऊस नीट ऐकायला."

ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला आम्ही तिघं गेलो. मुंबई-गोवा हायवे, खड्डे, चहा, परत खड्डे. ती महाडला येऊन थांबली होती. पहिला स्टॉप रायगड. दम नसल्यामुळे रोपवे. वर गाइडनं आम्हाला नगारखान्याजवळ उभं केलं आणि तो स्वतः सिंहासनाच्या जागेकडे चालत गेला. मध्ये दोनशेहून जास्त फुटांचं अंतर. तिथून त्यानं कागद फाडला. टर्रर्र! जणू माझ्या पर्समधलाच कागद कोणी फाडला असावा. मग तो दबक्या आवाजात काहीतरी बोलला, तेही ऐकू आलं. "दरबारात शेवटी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही महाराजांना ऐकू जायला पाहिजे ना," तो परत येऊन म्हणाला. हे वाक्य तो रोज शंभरदा म्हणत असेल. त्या दिवशी ते मला उद्देशूनच होतं असं मला वाटलं. १६७४ मध्ये राज्याभिषेक झालेल्या दरबारात मागच्या रांगेचा आवाज पुढे येतो, आणि आपल्या लेटेस्ट हेडफोनमध्ये नाही.

दुपारी शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला असं मानतात. बाहेर मोठा धबधबा कोसळत असतो, आणि पावसाळ्यात त्याच्यापुढे माणसाच्या घशाची काही किंमत राहत नाही. आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत होतो, मग ओरडणं सोडून हातवारे करू लागलो, मग तेही सोडलं. गंमत म्हणजे कोणालाच राग आला नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघ, इथेही आवाज दाबला गेलाच की आपला." ती म्हणाली, "हो, पण मॅडम, सगळ्यांचा." मी गप्प. धबधबा माणसं निवडत नाही. मी कुकर चालू ठेवला होता, भांडी चालू ठेवली होती, आणि पत्रा तेवढा निवडला होता.

रविवारी सकाळी महाडमध्येच चवदार तळ्यावर गेलो. शाळेत परीक्षेपुरती पाठ केलेली तारीख, २० मार्च १९२७. तळ्याच्या काठावर उभं राहून ती वेगळी ऐकू येते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये हे तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळं चालू होतं, प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घ्यायची सोय नव्हती. तीन वर्षांनी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्यायले. एवढंच. पुढे गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं.

इथे मला तो शब्द पुन्हा भेटला. मार खाल्लेली माणसं संख्येनं कमी नव्हती, चिडलेलीही होती. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. त्यांनी राग दाबला. आवाज मात्र दाबू दिला नाही. बरोब्बर चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. त्याच्या सात वर्षं आधी, ३१ जानेवारी १९२० ला, त्यांनी काढलेल्या पहिल्या पत्राचं नाव होतं 'मूकनायक'. मूक म्हणजे तर ग्रुपवरचं पहिलं उत्तर! पण त्या नावातली माणसं जन्मतः मुकी नव्हती. घरात बोलत होती, शेतात बोलत होती, गात होती. वेशीच्या आत त्यांचं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं, इतकंच. मूक ही अवस्था आणि दाबलेलं ही करणी, यात फरक आहे, आणि दुसऱ्यात नेहमी एक करणारा असतो.

डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला आले, मुंबईहून बोटीनं दासगाव बंदरात उतरून. परिषदेच्या मांडवाला गावात जागा मिळेना, ती एका मुस्लिम गृहस्थानं दिली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जायला मात्र कोर्टाची तात्पुरती मनाई आली होती. तीही त्यांनी मानली आणि लढा कोर्टात नेला. मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं. आपण दोन मिनिटं म्यूटवर राहिलो तर चॅटमध्ये रागाच्या बाहुल्या टाकतो.

दुपारी पोलादपूरला निघालो. हायवेनं वीसेक किलोमीटर, मग आत डोंगराकडे वळणारा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना इतकं हिरवं की डोळ्यांना ऐकू यावं. वाडीत पंधरा-वीस घरं. आजी ओटीवर बसली होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून नातीला म्हणाली, "हीच का ती आवाज दाबणारी?"

दडपण म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पण आजी लगेच हसली आणि तांदळाच्या भाकऱ्या आल्या.

जेवण झाल्यावर आजी जुन्या पावसाची गोष्ट सांगायला बसली. "तवा रातीला डोंगराकडून..." आणि वरून सर कोसळली. पत्रा. मी हेडफोनमध्ये ऐकला होता त्याच्या दसपट. मला वाटलं आता आजी आवाज चढवेल. तिनं काहीच केलं नाही. बोलायची थांबली, हात मांडीवर ठेवला आणि पावसाकडे बघत बसली. घरातले सगळेच थांबले. कोणी मोबाइल काढला नाही, कोणी मध्येच दुसरा विषय काढला नाही. मी घड्याळ पाहिलं, नऊ मिनिटं. सर ओसरली. नात म्हणाली, "हां, बोल आता." आणि आजी, "...आवाज आला," म्हणून ज्या शब्दावर थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

"तुम्ही नेहमी असं थांबता?" मी विचारलं.

"मग काय बाय, पावसाला कोण गप करणार? तो थांबला की बोलायचं. पर बोलणाराचं राह्यलेलं बोलणं ध्यानात ठेवायचं."

या डोंगरात ऐकणं ही हौस नाही. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. हो, तेच दासगाव. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. तेव्हा महाड शहर पुरात होतं, रस्ते पाण्याखाली होते, तळियेपर्यंत बचाव पथकं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. म्हणून पाऊस लागून राहिला की इथली म्हातारी माणसं रात्री एक कान डोंगराकडे ठेवून झोपतात. दगडावर दगड आपटल्याचा आवाज येतोय का, झाड कडकडतंय का. पत्र्यावरच्या एवढ्या कल्लोळातून तो वेगळा आवाज ओळखायचा असतो.

तिचा चुलतभाऊ अशा वेळी मदतीला धावणाऱ्या पोरांपैकी. तो फारसा बोलत नव्हता. मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं, की ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत आहे का हे बघायचं असेल तर आधी काय करतात. मला वाटलं जेसीबी आणतात. तो म्हणाला, "जेसीबी बंद करतात."

इंजिनं बंद. फोन बंद. रडणाऱ्यांनाही हात जोडून क्षणभर थांबायला सांगायचं. मग एक जण हाक मारतो, "कोणी आहे का? ऐकू येत असेल तर ठोका!" आणि सगळे श्वास धरून ऐकतात. काही नाही आलं तर दोन पावलं सरकून पुन्हा. वेगवेगळ्या बाजूंनी ऐकलं की आवाज कुठून येतोय याचा अंदाज लागतो. घरं दरडीखाली जावोत की इमारत पडो, पद्धत हीच. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. त्या ढिगाऱ्यातून दुसऱ्या दिवशी एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला होता.

"खालचा माणूस मोठ्यानं ओरडू शकत नाही मॅडम," तो म्हणाला. "त्याच्या अंगावर सगळं दबलेलं असतं. मग वरच्यांनीच बारीक व्हायचं."

परतीच्या गाडीत तिघंही गप्प होतो. मी दिवसभर 'दाबणे'चे अर्थ गोळा करत फिरले होते, आणि सगळ्यात चांगला अर्थ जाता जाता मिळाला. दुसऱ्याचा दबलेला आवाज ऐकायचा तर आपला दाबावा लागतो. म्हणजे ते बटण वाईट नाही. मी ते चुकीच्या नावावर दाबलं होतं.

याचा फार मोठा आदर्श वगैरे करू नका. मी अजूनही कॉलवर लोकांना म्यूट करते. ज्याचा कुत्रा बजेटवर मत मांडतो त्याला करतेच. पण एक गोष्ट बदलली आहे. ज्याला म्यूट केलं त्याचं नाव कागदावर लिहून ठेवते, समोर त्याचा शेवटचा ऐकू आलेला शब्द. 'स्लाइड सात', असं काहीतरी. आणि कॉल संपायच्या आधी त्या शब्दाकडे परत येते. वेळ लागतो. कॉल दहा मिनिटं लांबतो. चुका मात्र त्या दहा मिनिटांतच सापडतात, असा अनुभव आहे.

सप्टेंबरमध्ये ती पुन्हा गावी होती. पुन्हा क्लायंट, पुन्हा तिची पाळी, पुन्हा पत्रा. तिनं घाईघाईनं स्वतःच माइक बंद केला. क्लायंट म्हणाला, पुढे जाऊ या का? मी म्हटलं, "एक मिनिट थांबू या. तिच्याकडे पाऊस आहे." कॉलवर अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुकरवालासुद्धा उठून गॅस बंद करून आला. दीड मिनिट झालं असेल. मग तिच्या नावापुढची तिरकी रेघ गेली आणि मागे फक्त पागोळ्या ऐकू आल्या.

म्यूटला मराठीत काय म्हणायचं ते आमच्या ग्रुपवर अजून ठरलेलं नाही. अनम्यूटचं मराठी मात्र मला मिळालंय.

मी म्हटलं, "हां, बोल आता."